करारावरची तारीख : बोटीवरचा माणूस, त्याचे आरोग्य आणि घरचा हिशेब



क्रॉयडनमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की २०२० साली कोविडची महासाथ आली तेव्हा जगभरच्या खलाशांचे फोन आपल्याच गावात येत होते. 'इंटरनॅशनल सीफेअरर्स वेल्फेअर अँड असिस्टन्स नेटवर्क', थोडक्यात 'आयस्वान', ही दर्यावर्दी लोकांच्या कल्याणासाठी झटणारी संस्था. २०१३ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन ती निर्माण झाली. महासाथीच्या काळात तिचे मुख्य कार्यालय सिडनहॅम रोडवर, म्हणजे आपल्या ईस्ट आणि वेस्ट क्रॉयडन या दोन्ही स्टेशनांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. 'सीफेअररहेल्प' ही तिची मदतसेवा वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास आणि विनामूल्य चालते. २०२० च्या मार्चनंतर तिथे येणाऱ्या फोन आणि संदेशांचा ओघ नेहमीपेक्षा कितीतरी वाढला. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : "माझा करार संपला, मला घरी कधी पाठवणार?"

त्या वसंतात दर गुरुवारी रात्री आठ वाजता आपण दारात उभे राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवल्या. ते योग्यच झाले. पण लंडन रोडवरच्या दुकानात तूरडाळ, तांदूळ आणि तेल मिळत राहिले ते कुणामुळे, हा विचार त्या वेळी फारसा कुणाच्या मनात आला नाही. या देशाच्या परदेश व्यापारातील सुमारे ९५ टक्के माल, वजनाने मोजला तर, समुद्रमार्गे येतो-जातो. तो आणणारी माणसे तेव्हा बोटींवर अडकून पडली होती. त्यांत आपलीही होती.

हा विषय आपल्या पानावर कशाला?

हर्णे, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले आणि खाली गोव्यापर्यंत, किनाऱ्यावरच्या गावांत 'बोटीवर' असलेला माणूस शोधावा लागत नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी कोकण-गुजरातचे आणि जेवणघरात वाढपी, आचारी गोव्याचे, ही विभागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब, आगवाला हे हुद्दे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येतात. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोवेकर खलाशांचे 'कूड' होते. पुढची बोट मिळेपर्यंत माणूस तिथे गावकऱ्यांबरोबर राहत असे. त्याच घरांतली आजची मुले मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आणि कप्तान आहेत, तर कित्येक जण प्रवासी क्रूझ बोटींवर काम करतात. २०२१ मध्ये जहाजमालकांच्या संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १८ लाख ९० हजार दर्यावर्दी होते आणि सर्वाधिक माणसे पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत होता.

माझा सख्खा भाचा त्यांपैकी एक. त्याची हकीगत पुढे थोडक्यात येईलच. पण लेखाचा मुद्दा आधीच सांगतो. बोटीवरच्या माणसाच्या करारावर जी संपण्याची तारीख असते ती नुसती कागदी बाब नसते. त्याची झोप, त्याची औषधे, त्याचा पगार, घरचे हप्ते आणि प्राप्तिकर हे सगळे त्या एका तारखेला बांधलेले असते. महासाथीत ती तारीख मोडली आणि तिच्याबरोबर हे सगळे विस्कटले. तिच्यामागे कायद्याचे बळ किती आहे, हे बोटीवरच्यांनी आणि जमिनीवरच्या नातेवाइकांनीही जाणून घ्यायला हवे.

घडले काय?

बोट थांबत नाही, माणसे बदलतात. कराराची मुदत भरली की बंदरात एक जण 'साइन ऑफ' करून उतरतो, दुसरा 'साइन ऑन' करून चढतो. त्यासाठी चालू विमाने, उघडे व्हिसा कार्यालय आणि उतरू देणारे बंदर या तीन गोष्टी लागतात. मार्च २०२० मध्ये तिन्ही एकदम बंद पडल्या. भारतात २५ मार्चला टाळेबंदी झाली, त्याआधीच परदेशी विमाने थांबली होती. भारतीय खलाशांना भारतीय बंदरांत चढण्या-उतरण्याची कार्यपद्धती गृहमंत्रालयाने २१ एप्रिलला जाहीर केली. त्यानंतर मुंबईच्या बाहेर ताटकळत असलेल्या 'मरेला डिस्कव्हरी' या प्रवासी बोटीवरचे भारतीय कर्मचारी, ज्यांत गोव्याचे अनेक होते, मुंबई बंदरात उतरू शकले. पुढे भारताने या कामी चांगला वेग घेतला. सप्टेंबर २०२० पर्यंत एक लाखाहून अधिक जणांची अदलाबदल झाल्याचे सरकारने जाहीर केले.

पण जगभरचे चित्र वाईट होते. २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख माणसे करार संपूनही बोटींवर अडकली होती आणि जवळजवळ तितकीच घरी बसून आपल्या पाळीची वाट पाहत होती. एकाजवळ पगार होता पण घर नव्हते, दुसऱ्याजवळ घर होते पण पगार नव्हता.

माझा भाचा पहिल्या प्रकारातला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो थर्ड इंजिनिअर म्हणून एका मालवाहू बोटीवर चढला, करार सहा महिन्यांचा. मार्चमध्ये उतरायचा तो नोव्हेंबर २०२० मध्ये, कोची बंदराबाहेर बोट नांगरल्यावर लहान लाँचमधून उतरला. चौदा महिने झाले होते. मधल्या काळात कंपनीकडून दोनदा मुदतवाढीचा कागद आला. "मामा, सही केली नाही तर पुढच्या वेळी बोट मिळेल का, हे कुणी सांगत नाही. मग करतोच सही," असे तो फोनवर म्हणाला होता. त्याच्या जागी जाणारा चिपळूणचा मुलगा तेवढेच महिने घरी बसून होता. गुहागरहून ताई मला दर रविवारी विचारायची, "अरे, तू लंडनला आहेस, तिथून काही होत नाही का?"

ताईचा प्रश्न भाबडा नव्हता. जहाजांच्या जगाचे कायदे ज्या घरांत ठरतात आणि ज्यांच्याकडे दाद मागता येते, त्यांतली बरीचशी इथेच आहेत. संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, 'आयएमओ', थेम्सच्या काठी लँबेथला आहे. वाहतूक कामगारांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, 'आयटीएफ', तिथून जवळच सदर्कमध्ये आहे. ईस्ट क्रॉयडनहून गाडीत बसले तर यांतले कुठलेही ठिकाण अर्ध्या-पाऊण तासाच्या आत येते.

अकरा महिन्यांचा हिशेब

खलाशांच्या हक्कांचा मूळ ग्रंथ म्हणजे 'सागरी श्रम करार, २००६', इंग्रजी आद्याक्षरांनी 'एमएलसी'. तो जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने, 'आयएलओ'ने, केला आणि २० ऑगस्ट २०१३ पासून अंमलात आला. ब्रिटनने त्याला २०१३ मध्ये आणि भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

खलाशाला सलग बारा महिन्यांच्या आत घरी पाठवलेच पाहिजे. शिवाय दर महिन्याला किमान अडीच दिवस पगारी रजा मिळते आणि ती रजा सोडून देण्याचा करार करण्यास बंदी आहे. बारा महिन्यांची रजा तीस दिवस होते. ते वजा केले की बोटीवर राहण्याची कमाल मुदत उरते अकरा महिने. 'अकरा महिने' हा आकडा असा आला आहे.

घरी परतण्याचा खर्च मालकाचा. त्यासाठी खलाशाकडून आगाऊ पैसे घेता येत नाहीत. पगार महिन्याच्या महिन्याला मिळाला पाहिजे आणि त्यातला ठरावीक भाग थेट घरी पाठवण्याची सोय असली पाहिजे. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आजारी पडल्यास उपचाराचा खर्च मालकाकडे असतो. राष्ट्रीय कायदा त्याला मर्यादा घालू शकतो, पण ती सोळा आठवड्यांहून कमी असता कामा नये.

जानेवारी २०१७ पासून आणखी एक सोय झाली. मालकाने बोट वाऱ्यावर सोडली, म्हणजे घरी पाठवण्याचा खर्च दिला नाही, अन्न-पाणी-इंधन पुरवले नाही, किंवा दोन महिने पगार न देता संबंध तोडला, तर विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च मिळतो. त्या विम्याचा दाखला बोटीवर सगळ्यांना दिसेल असा लावणे बंधनकारक आहे.

नियम होता, मग अडले कुठे?

एका बोटीचा मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा किंवा मार्शल आयलंड्सचा, व्यवस्थापन सिंगापुरात, भरती करणारा एजंट अंधेरीत किंवा बेलापूरला आणि माल ऑस्ट्रेलियाचा, चीनला जाणारा. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, तर त्या बोटीवरच्या माणसाने कुणाचे दार ठोठवायचे?

याचे ठळक उदाहरण आपल्याच लोकांचे आहे. मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न शिपिंगची 'जग आनंद' ही बोट ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन जून २०२० मध्ये चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर पोहोचली. तिच्यावर २३ भारतीय होते. सप्टेंबरपासून 'अनास्तासिया' ही दुसरी बोट काओफेइदियान बंदराबाहेर उभी होती, तिच्यावर १६ भारतीय. चीन-ऑस्ट्रेलिया व्यापारी तणावाचा तो काळ. बंदरात माल उतरवू देईनात आणि साथीच्या नियमांकडे बोट दाखवून माणसेही बदलू देईनात. शेवटी 'जग आनंद' जानेवारी २०२१ मध्ये जपानच्या चिबा बंदराकडे वळवावी लागली, तेव्हा त्या २३ जणांची सुटका झाली. 'अनास्तासिया'वरचेही त्यानंतर, फेब्रुवारीत, जपानमार्गेच परतले. तिथे माणसे बदलायला कोळशाने अडवले, असेच म्हणावे लागेल.

बंदरांची भीती अगदीच निराधार होती असे नाही. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाचे पहिले रुग्ण सापडले त्यांत गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई होते. साथ बोटीने येते हे मुंबईकरांना नवे नव्हते. पण तपासणी करणे, काही दिवस वेगळे ठेवणे आणि मग विमानात बसवणे हे २०२० मध्ये शक्य होते. 'आयएमओ'ने मे २०२० मध्येच अशी टप्प्याटप्प्याची कार्यपद्धती सर्व देशांना पाठवली होती. जुलैत ब्रिटिश सरकारने बोलावलेल्या परिषदेत तेरा देशांनी खलाशांना 'अत्यावश्यक कामगार' मानण्याचे जाहीर केले. १ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही तसा ठराव केला.

त्याच डिसेंबरमध्ये 'आयएलओ'च्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट निकाल दिला. साथ सुरू होऊन इतके महिने झाल्यावर 'आमचा नाइलाज होता' ही सबब सरकारांना देता येणार नाही, करारातले हक्क अशाच संकटासाठी असतात, असा त्याचा आशय होता. खलाशाची संमतीही खरी, मोकळेपणाने दिलेली असली पाहिजे. भाच्याच्या त्या दोन सह्यांचा प्रश्न नेमका हाच होता.

थेम्सच्या काठावर

हे सगळे दूर चीनच्या समुद्रात घडले असे समजण्याचे कारण नाही. क्रॉयडनहून निघून डार्टफर्डच्या बोगद्याने थेम्स ओलांडली की टिलबरी बंदर लागते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या मॅरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीने टिलबरी आणि ब्रिस्टल येथे उभ्या असलेल्या पाच प्रवासी बोटी अडवून ठेवल्या. 'कोलंबस' आणि 'वास्को द गामा' अशी मोठी नावे असलेल्या बोटी त्यांत होत्या. तपासणीत मुदत संपलेले व अवैध करार, उशिराने दिलेले पगार आणि बारा महिन्यांहून अधिक काळ बोटीवर असलेले कर्मचारी आढळले. या बोटींवर भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने होते. त्या बोटी चालवणारी क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस ही कंपनी २० जुलै २०२० रोजी बंद पडली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. झेंडा कुठल्याही देशाचा असो, बोट ज्या बंदरात उभी आहे त्या देशाचा अधिकारी तिच्यावर चढून करार आणि पगाराचे कागद पाहू शकतो आणि गंभीर उल्लंघन असेल तर बोट अडवू शकतो. हा 'बंदर देशाचा' अधिकार खलाशाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार आहे. त्याची तक्रार गुप्त ठेवण्याचे बंधनही त्या अधिकाऱ्यावर असते.

आरोग्याची बाजू

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही प्रवासी बोट वेगळी ठेवण्यात आली. तिच्यावर ३,७११ माणसे होती. त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते, पण त्यांना जेवण पोहोचवणारे कर्मचारी मात्र काम करत होते आणि एका केबिनमध्ये दोघे-तिघे झोपत होते. त्यांत १३२ भारतीय होते. साथीत ज्याच्या हातून सेवा होते, त्याच्याच विलगीकरणाची सोय शेवटी होते, हे तिथे दिसले.

मालवाहू बोटीवरचे दुखणे वेगळे. तिथे वीस-बावीस माणसे, ना डॉक्टर, ना बाहेरचा माणूस. किनाऱ्यावर पाय ठेवायला बंदी. इंजिन रूममधली गरमी आणि आवाज, पहाऱ्याच्या पाळ्या, आणि संपण्याची तारीख कुणालाच माहीत नाही. सहा महिन्यांची तयारी केलेल्या मनाला सातव्या महिन्यात थकवा येतो तो साध्या झोपेने जात नाही. अशा थकलेल्या माणसाच्या हातात लाखो टनांची बोट असते, म्हणजे हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

औषधांचेही तसेच. माणूस रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या कराराच्या हिशेबाने नेतो. भाच्याच्या बोटीवरच्या आचाऱ्याच्या गोळ्या जूनमध्ये संपल्या आणि पुढच्या बंदरातून दुसऱ्या नावाच्या गोळ्या मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. दुखणारी दाढ, वाढलेला चष्म्याचा नंबर या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी समुद्रावर किरकोळ राहत नाहीत.

मरणही सुटले नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'इटल लिबेरा' या मालवाहू बोटीच्या इटालियन कप्तानाचा इंडोनेशियाजवळ कोविडने मृत्यू झाला. एकामागून एक देशांनी त्याचे शव उतरवून घ्यायला नकार दिला. शेवटी बोट माघारी फिरली आणि जूनमध्ये इटलीत पोहोचली. दोन महिने ते शव बोटीवरच होते.

लशीच्या वेळी आपल्या मुलांना आणखी एक अडचण आली. मे २०२१ मध्ये भारतात कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवड्यांवर गेले आणि इकडे कंपन्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच बोलावू लागल्या. जूनमध्ये सरकारने नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची सवलत दिली तेव्हा कुठे दार उघडले. त्याआधी, दुसऱ्या लाटेत, भारतातून आलेल्यांना चढू देण्यास सिंगापूरसारख्या मोठ्या बंदराने बंदी घातली होती. म्हणजे घरी बसलेल्यांची पाळी पुन्हा लांबली.

पैशाची बाजू

आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो : बोटीवरचा म्हणजे श्रीमंत. बहुतेक खलाशांना पगार मिळतो तो बोटीवर असेपर्यंतच. सुट्टीचे महिने आधीच्या कमाईवर काढायचे असतात. तीन-चार महिन्यांच्या सुट्टीचा हिशेब केलेल्या घरात ती सुट्टी वर्षभराची झाली तर काय होते, ते चिपळूणच्या त्या मुलाच्या घरी दिसले. ब्रिटनमध्ये 'फर्लो'ची योजना होती, पण भारतातल्या एजंटामार्फत करारावर जाणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

भारतात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुष्कळांना ती माफी वाटली. पण व्याज चालूच होते. व्याजावरचे व्याज पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना परत मिळाले, मूळ व्याज नाही. ज्याच्याजवळ थोडी पुंजी होती त्याने हप्ता भरत राहणे हिताचे होते.

प्राप्तिकराचा फटका अनपेक्षित होता. परदेशी बोटीवरचा भारतीय माणूस वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात राहिला तर अनिवासी ठरतो आणि परदेशात मिळवलेल्या पगारावर त्याला भारतात कर लागत नाही. २०२०-२१ मध्ये विमाने नसल्यामुळे घरी अडकलेल्या कित्येकांचे दिवस १८२ च्या वर गेले. मार्च २०२० अखेरच्या दिवसांपुरती सवलत कर खात्याने मे २०२० मध्ये दिली होती. पुढच्या वर्षासाठी मात्र सरसकट सवलत नाही, असे मार्च २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. म्हणजे कमाई कमी झाली त्याच वर्षी कर सुरू झाला!

घरच्यांनी काय करावे?

आपल्यापैकी ज्यांची भाची-पुतणी मंडळी बोटीवर आहेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यासाठी काही व्यवहारी सूचना देतो.

१. एजंटाकडे भारताच्या नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना, म्हणजे 'आरपीएसएल', आहे ना हे आधी पाहावे. परवान्यांची यादी महासंचालनालय प्रसिद्ध करते. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. कुणी लाखांत रक्कम मागितली तर तिथूनच मागे फिरावे.

२. सही केलेल्या कराराची एक प्रत घरी असावी. बोटीचे नाव, तिचा 'आयएमओ' क्रमांक, झेंडा, मालक, विमा कंपनी आणि करार संपण्याची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी. अडचणीत पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

३. पगाराचा मोठा भाग दरमहा घरच्या खात्यात येईल अशी व्यवस्था करावी. एक महिना पगार चुकला तर विचारणा करावी, दुसरा चुकला तर लेखी तक्रार करावी. पाच-सहा महिने 'देतो, देतो' ऐकत बसलेल्यांचे नुकसान अधिक होते, कारण विम्यातून मिळणारी भरपाई चार महिन्यांपुरतीच आहे.

४. मुदतवाढीचा कागद आला तर त्यावर नवी तारीख स्पष्ट असावी. एकूण काळ अकरा महिन्यांच्या पुढे जात असेल तर सही करण्यापूर्वी संघटनेला विचारावे. मुंबईत 'नुसी' आणि अधिकाऱ्यांसाठी मॅरिटाइम युनियन ऑफ इंडिया या जुन्या संघटना आहेत. बोट ब्रिटनच्या बंदरात असेल तर कोस्टगार्ड एजन्सी आणि 'आयटीएफ'चे निरीक्षक यांच्याकडे जाता येते.

५. नेहमीची औषधे कराराच्या मुदतीहून किमान तीन महिने अधिक न्यावीत. औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी, कारण कंपनीचे नाव देशोदेशी बदलते. जाण्यापूर्वी दात आणि डोळे तपासून घ्यावेत.

६. घरखर्च आणि हप्ते मिळून किमान आठ-दहा महिने निघतील एवढी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत असावी. बोटीवर असतानाचा पगार हा बारा महिन्यांचा समजून खर्चाची आखणी करावी. सीडीसीवरील आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या तारखा मांडून १८२ दिवसांचा हिशेब दर तिमाहीला करावा.

७. विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँक खाते या सर्वांवर वारसाचे नाव लग्नानंतर बदलले आहे का, ते पाहावे. आयुर्विमा घेताना व्यवसाय 'बोटीवरील नोकरी' असा स्पष्ट लिहावा.

८. फोनवर "कसा आहेस?" या प्रश्नाला "मजेत" हेच उत्तर येते. त्याऐवजी "काल किती तास झोपलास? जेवण कोणाबरोबर केलेस?" असे विचारावे. मन खचलेले वाटले तर 'सीफेअररहेल्प'ला घरच्या माणसांनाही संपर्क साधता येतो.

त्यानंतर काय बदलले?

महासाथीचा धडा अगदीच वाया गेला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनने आपल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी खलाशांनाही लस देण्याची सोय केली. 'एमएलसी'मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणा २३ डिसेंबर २०२४ पासून अंमलात आल्या. तातडीच्या उपचारासाठी खलाशाला किनाऱ्यावर उतरवणे, मृताचे शव घरी पोहोचवण्यास मदत करणे, शरीराला बसतील अशी संरक्षक साधने देणे आणि घरच्यांशी बोलण्यासाठी शक्य तिथे इंटरनेट पुरवणे, या गोष्टी त्यात आल्या. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पुढच्या सुधारणांत खलाशांना अत्यावश्यक कामगार मानण्याची तरतूद आहे. २०२० मध्ये ज्यासाठी विनवण्या कराव्या लागल्या, ते आता नियमात येत आहे.

मात्र बोटी वाऱ्यावर सोडून देण्याचे प्रकार अलीकडच्या वर्षांत वाढले आहेत आणि २०२४ मध्ये अशा रीतीने अडकलेल्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. साथ गेली तरी ही गोष्ट राहिली आहे. तेव्हा वर सांगितलेल्या सूचना पुढच्या साथीसाठी राखून ठेवू नयेत.

दरवर्षी २५ जून हा 'दर्यावर्दींचा दिवस' म्हणून जगभर पाळला जातो. त्या सुमारास आपल्या घरातल्या बोटीवरच्या मुलाला किंवा मुलीला एक फोन करावा आणि करारावरची तारीख विचारून ती घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या तारखेनंतर आठ दिवसांत तो किंवा ती घरी पोहोचली नाही, तर चौकशी करणारे पहिले माणूस आपण असावे.